सात किलोचा अख्खा भोपळा, आणि पहिली सुरी कुणी लावायची?

नाशिकची_सून | मंगळवार, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे आणि शुक्रवारच्या आत हवी आहे.

काल आजऱ्याहून मामेसासरे आले आणि येताना परड्यातला अख्खा तांबडा भोपळा घेऊन आले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो मावेना, म्हणून त्याला कडेवर घेऊन मी माणसांच्या वजनकाट्यावर उभी राहिले आणि नंतर माझं वजन वजा केलं. सहा किलो आठशे ग्रॅम. (माझं किती ते विचारू नये.)

माहेरी नाशकात आम्ही याला डांगर म्हणायचो आणि मंडईतून पाव किलोची फोड आणायचो. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा पहिल्याच महिन्यात साबांना (सासूबाईंना) विचारलं, "डांगर आणू का?" त्यांना वाटलं पापडाच्या पिठाचं डांगर. "उडीद कुठाय घरात?" म्हणाल्या. तर सांगायचं काय, अख्खा भोपळा मी जन्मात चिरलेला नाही.

साबांचे नवरात्राचे नऊ दिवस उपवास आहेत आणि उपवासाला त्यांना भोपळ्याचं भरीत लागतं. पण त्यांचं म्हणणं असं, की अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी पुरुषाने लावायची, मग बाईने चिरायचा. नवरा कामासाठी पुण्याला गेलाय, शनिवारी येणार. घरात उरलेला एकमेव पुरुष साडेतीन वर्षांचा आहे. "त्याचा हात धरून लाव की," असा साबांचा तोडगा. त्याच्या हातात मी सुरी देणार नाही, चमचा देतानासुद्धा विचार करते.

सुरुवात कुठून करू? साल काढायची की ठेवायची? बियांचं काय? आणि एवढा उरलेला भोपळा टिकवायचा कसा? प्रथेबद्दल कुणाला काही ठाऊक असेल तर तेही सांगा, पण धाग्यावर भांडू नका प्लीज.

---

तांबडा_की_पांढरा | मंगळवार, रात्री ९:५२

नवरात्रात रोज संध्याकाळी रस्सा आठवून डोळ्यांत पाणी येतंय, आणि त्यात हा धागा. सात किलो भोपळा म्हणजे नाद खुळा विषय. वाचतोय.

---

मंगळवार_पेठ | मंगळवार, रात्री १०:१५

आगं पोरी, घाबरायसारखं त्यात काय बी न्हाई. मी चाळीस वर्सं भोपळं फोडतोय. सांगतो तसं कर.

आधी भोपळा चांगला धू. साल टाकायची असली तरी धू. वरची माती सुरीबरोबर आत गरात जाती. धुऊन झाला की खडखडीत कोरडा पूस, ओला भोपळा हातातनं सटकतो. आणि ओट्यावर ठेवून कापू नको. ओटा उंच पडतो, सात किलोच्या भोपळ्यावर वरनं जोर लागतच न्हाई. खाली फरशीवर बस. सुती फडकं पिळून त्याची चुंबळ कर, घागरीखाली ठेवतो तशी, आणि तिच्यावर भोपळा ठेव. मग तो कुठं लोळत न्हाई.

आता सुरी. मोठी, जाड पात्याची पायजे. भाजीची पातळ सुरी वाकती. देठावर सुरी कधी घालायची न्हाई, ते लाकूड झालेलं असतं. देठापासनं दोन बोटं सोडायची. भोपळ्याला धारी असतात बग, दोन धारींच्या मधी खाच असती, तिथं साल जरा दबती. त्या खाचेत सुरीचं टोक उभं घाल आणि मुठीवर बत्त्यानं हलकं ठोक. टोक आत गेलं की पुढं काय अवघड न्हाई. सुरी खाचेतनं बुडापर्यंत दाबत न्यायची, मग भोपळा फिरवून समोरच्या खाचेतनं तसंच. देठाजवळ आणि बुडाजवळ चार-चार बोटं न चिरता सोडलेली असली तरी चालतंय. दोन्ही हातांची बोटं चिरेत घालून फाकव, कटकन दोन भाग व्हतात.

---

कट्ट्यावरचा | मंगळवार, रात्री १०:२१

दादा, चाळीस वर्षं भोपळे फोडताय, घरात वहिनी काय करतात मग?

---

मंगळवार_पेठ | मंगळवार, रात्री १०:३०

दादा कोण? मी काकू हाय. तू कोल्हापुरात नवा दिसतोस. आमच्या पेठेत बायका "आलो, गेलो, करतो" असंच बोलतात.

---

कट्ट्यावरचा | मंगळवार, रात्री १०:३३

काकू, चुकलो. साताऱ्याचा आहे, पदरात घ्या.

---

तीन_टाके | मंगळवार, रात्री ११:०५

माझा आयडी कसा पडला ते सांगतो. गेल्या वर्षी भोपळा चिरताना सुरी मध्येच अडकली. मी काय केलं, तर सुरीसकट भोपळा वर उचलला आणि ओट्यावर आपटला. नारळ फोडतात तसा. भोपळा राहिला बाजूला, मूठ हातातून फिरली आणि अंगठ्याच्या मुळाशी तीन टाके पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी कशाने लागलं विचारलं तेव्हा "भोपळा" म्हणायची लाज वाटली. मी सांगितलं, काच.

तेव्हा सुरी अडकली तर उचलायची नाही, ओढायचीही नाही. भोपळा एका हाताने खाली दाबून धरायचा आणि मूठ वरखाली हलवत सुरी सैल करायची. आली तर आली. नाही आली तर ती तशीच पाचरीसारखी राहू द्या आणि दुसरी सुरी समोरच्या खाचेत घाला. दुसरा हात पात्याच्या वाटेत कधीच नको. पात्याच्या पुढे तर नकोच नको.

---

विळीच_बरी | बुधवार, सकाळी ७:२०

सुऱ्या-बत्ते कसले काढताय? आमची आई पाटावरच्या विळीवर भोपळा चिरायची. पाय विळीच्या फळीवर, दोन्ही हात भोपळ्यावर, आणि वरून दाब. दोन मिनिटांत चार भाग.

---

तीन_टाके | बुधवार, सकाळी ७:४४

ताई, आईंच्या हाताला सवय होती. ज्या मुलीने अख्खा भोपळा कधी चिरला नाही तिला विळीवर बसवू नका. सात किलोचा गोळा पात्यावर घसरला तर दोन्ही हात त्याच्या मागोमाग पात्यावर जातात. विळ्याभोपळ्याचं सख्य म्हणतात ते उगाच नाही.

---

विळीच_बरी | बुधवार, सकाळी ७:५८

बरं, अख्खा नको. पण एकदा दोन भाग झाले की पुढच्या फोडी विळीवरच होतात हे कबूल करा. सालीसकट फोडी करायला विळीसारखं हत्यार नाही. सुरीने साल काढत बसलात तर मनगट जातं.

---

तीन_टाके | बुधवार, सकाळी ८:०१

कबूल.

---

मळेकरी | बुधवार, सकाळी ९:३०

चिरायच्या आधी भोपळा पिकलाय का ते बघा. आमच्याकडे दरवर्षी बांधावर वेल असतात म्हणून सांगतो. सालीवर नख दाबा. नख रुतलं तर कोवळा, खूण उमटली नाही तर तयार. देठ वाळून बुचासारखा झाला पाहिजे. बोटाने टिचकी मारली की पोकळ, ढब् असा आवाज येतो. आकाराच्या मानाने जड लागला तर गर भरलेला. जमिनीवर टेकलेल्या बाजूला पिवळट डाग असतो, त्याला घाबरू नका, तो किडीचा नसतो.

आणि मूळ पोस्टमधल्या घाईबद्दल. अख्ख्या भोपळ्याची घाई करायचं कारणच नाही. काढल्यावर आठ-दहा दिवस उन्हात ठेवून साल कडक केलेला भोपळा हवेशीर कोरड्या जागी दोन-तीन महिने सहज टिकतो. खाली बारदान घालायचं, एकावर एक रचायचे नाहीत, आणि देठ मोडायचा नाही. कूज पहिल्यांदा देठाच्या जागेतूनच शिरते. देठ धरून उचलायची सवय असेल तर ती सोडा, सात किलो वजन देठ पेलत नाही.

बाजारातून फोड आणणाऱ्यांसाठी: कोल्हापुरात कपिलतीर्थ मंडईत किंवा कुठेही, बिया-दोऱ्यांसकट असलेली फोड घ्या. बी गराला घट्ट चिकटलेली असेल तर फोड ताजी. दोरे बुळबुळीत होऊन सुटत असतील तर कालची-परवाची.

---

नाशिकची_सून | बुधवार, सकाळी १०:१०

मळेकरी दादा, देठ वाळलेला आहे, नख रुतत नाही, टिचकीला ढब् येतं. टिचकीचं काम मुलाने केलं, आता तो दिवसभर तबला वाजवतोय.

घाई भोपळ्याला नाही, साबांच्या भरताला आहे. आणि खरं सांगू, आता मलाही तो चिरून बघायचाच आहे.

---

टेंबलाईचा_पायथा | बुधवार, दुपारी १२:४०

प्रथेबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. माझं बालपण टेंबलाईच्या टेकडीच्या पायथ्याशी गेलं.

परवा ललितापंचमी, म्हणजे शुक्रवारी. त्या दिवशी अंबाबाईची पालखी टेंबलाईला, म्हणजे त्र्यंबोलीला भेटायला टेकडीवर जाते. कथा अशी सांगतात, की अंबाबाईने कोल्हासुराला मारलं, त्या विजयाच्या सोहळ्याला त्र्यंबोलीला बोलवायचं राहिलं. ती रुसली आणि शहराकडे पाठ करून टेकडीवर जाऊन बसली. तिची समजूत काढायला अंबाबाई स्वतः लवाजम्यासह येते. आणि तिथे कोल्हासुराचं प्रतीक म्हणून कोहळा फोडतात. फोडला रे फोडला की त्याचे तुकडे मिळवायला जी झुंबड उडते ती ज्याने पाहिली त्यालाच ठाऊक. लहानपणी मला एकदाच नखाएवढा तुकडा मिळाला होता, तो आजीने किती तरी दिवस देव्हाऱ्यात ठेवला होता.

आता मुद्द्याचं. तो कोहळा कोण फोडतं? गुरव घराण्यातली कुमारिका. छत्रपती घराण्यातली मंडळी हजर असतात, पुरुषांची गर्दी टेकडीभर असते, पण कोहळा फुटतो तो लहान मुलीच्या हातून. ज्या गावात देवीसमोर मुलगी कोहळा फोडते, त्या गावातल्या स्वयंपाकघरात सुनेने भोपळ्यासाठी शनिवारपर्यंत का थांबायचं, एवढंच मी विचारतो.

---

कट्ट्यावरचा | बुधवार, दुपारी १२:५५

+१०१. कडक.

---

पानफूल | बुधवार, दुपारी २:२०

थोडं अवांतर, पण जोडून आहे. कोहळा आणि तांबडा भोपळा ही दोन वेगळी फळं आहेत. कोहळ्याला बाहेरून पांढरी राख फासल्यासारखी असते आणि गर पांढरा. पेठा होतो तो त्याचाच, सांडगे घालतात ते त्याचे, दारावर दृष्टीसाठी बांधतात तोही तोच. संस्कृतात कूष्मांड. पशूच्या बळीऐवजी कूष्मांड फोडायची चाल जुनी आहे, आणि "पहिली सुरी पुरुषाची" हा नियम त्या बळीच्या कल्पनेतून आला असावा. योगायोग बघा, नवरात्राच्या चौथ्या दिवसाची देवी कूष्मांडा. म्हणजे उद्या.

तांबडा भोपळा मात्र मूळचा अमेरिका खंडातला. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला, त्यानंतर कधीतरी तो समुद्रमार्गे आपल्याकडे आला. मिरची, बटाटा, टोमॅटो हे त्याचे सहप्रवासी. माझा अंदाज असा, की आकाराने आणि वजनाने कोहळ्यासारखा दिसला म्हणून कोहळ्याचा नियम यालाही लागू झाला. मिरचीला कुणी असा नियम लावला नाही, नाहीतर आपलं काही खरं नव्हतं.

---

सातासमुद्रापार | बुधवार, रात्री ८:००

मूळची कोल्हापुरातल्या राजारामपुरीची, सध्या अमेरिकेत. इथे ऑक्टोबरात दारोदार जे केशरी भोपळे कोरून ठेवतात ते भाजीसाठी आणू नका, हे इथल्या नव्या मराठी मंडळींसाठी लिहिते. दिसायला देखणे, पण गर पातळ, पाणचट आणि दोऱ्यांचा. पहिल्या वर्षी मी त्याच्या घाऱ्या करायला गेले, कणीक घालता घालता डबा संपला. त्यापेक्षा बटरनट नावाचा लांबट, फिकट सालीचा मिळतो, तो चव आणि गर दोन्हीत आपल्या भोपळ्याच्या जवळ जातो. साल पातळ असते, सोलाणं चालतं.

साल फारच कडक असेल तर एक युक्ती: सुरीच्या टोकाने चार-पाच ठिकाणी भोकं पाडून मायक्रोवेव्हमध्ये दोन-तीन मिनिटं ठेवायचा, साल मऊ पडते. भोकं पाडायला विसरू नका, आतल्या वाफेने फुटतो.

---

तांबडा_की_पांढरा | बुधवार, रात्री ८:१२

सात किलोचा मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा तर मायक्रोवेव्ह भोपळ्यात ठेवावा लागेल.

---

नाशिकची_सून | गुरुवार, दुपारी १:३०

झालं! चिरला! आता सविस्तर.

सकाळी चहाच्या वेळी टेंबलाईच्या पायथ्याची पोस्ट साबांना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, "ती कुमारिका. देवीची. तू कुठली कुमारिका?" झालं. मग मी कूष्मांडा, कोलंबस सगळं वाचून दाखवलं. कोलंबसाला तर त्यांनी हातानेच उडवून लावलं.

मग थोडा वेळ त्या भोपळ्याकडे बघत बसल्या. उठल्या, पदर खोचला, भोपळ्याला हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, "आण ती सुरी इकडं. मी लावतो."

मी लावतो! मंगळवार पेठेच्या काकूंची आठवण येऊन मला हसू आवरेना. म्हटलं, "आई, झालं की काम. व्याकरणाने पुरुषानेच सुरी लावली." त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. उपवासाने थकल्यात बिचाऱ्या, पण दुपारपर्यंत आठवून आठवून हसत होत्या. नवऱ्याला फोन करून त्यांनी स्वतःच सांगितलं.

त्यांनी नुसतं टोक लावलं, पुढचं मी केलं. फरशीवर चुंबळ, खाचेत टोक, मुठीवर बत्ता. पहिला ठोका फारच घाबरत मारला, काहीच झालं नाही. तिसऱ्याला टोक आत गेलं आणि चिरेच्या कडेने पाण्याचे बारीक थेंब आले. बुडाजवळ सुरी अडकली. तीन टाके दादांचं वाक्य आठवून भोपळा दाबून धरला आणि मूठ हलवली, सुटली. शेवटी दोन्ही हातांनी फाकवला तेव्हा जो आवाज आला तो ऐकून शेजारच्या काकू दारात आल्या.

आतला रंग काय सांगू. झेंडूच्या फुलासारखा. आणि वास काकडी-कलिंगडाच्या मधला. मुलाने बिया बघितल्या आणि "आई, दात!" म्हणाला.

आता प्रश्न. हातांना पिवळा, गोंदासारखा थर बसलाय आणि कातडी ताणल्यासारखी होतेय. साबणाने जात नाही. हे काय?

---

मंगळवार_पेठ | गुरुवार, दुपारी २:०५

तुझ्या सासूबाई कुठल्या पेठेतल्या? आमच्याच असणार!

हाताला चीक बसलाय. आधी गोडं तेल चोळायचं, मग पीठ लावून धू. पुढच्या वेळी चिरायच्या आधीच हाताला आणि सुरीला तेल लाव.

---

पानफूल | गुरुवार, दुपारी २:३०

आता गराचा बारीक तुकडा कच्चा चाखून बघा. गोडसर किंवा सपक लागला तर ठीक. कडू लागला तर सगळा भोपळा टाकून द्या, मन मोडलं तरी. काकडी, दुधी, भोपळा या वर्गात कधी कधी कुकुर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य जास्त तयार होतं, त्याने उलट्या-जुलाब होतात आणि शिजवून ते जात नाही. गूळ घालून चव झाकण्याचा प्रयत्न तर अजिबात नको.

---

नाशिकची_सून | गुरुवार, दुपारी २:४१

चाखला. गोड आहे. मुलाने दोन तुकडे मागून खाल्ले.

---

विळीच_बरी | गुरुवार, दुपारी ४:१५

सालीचं सांगते. भाजीला साल ठेवा. भोपळा लगेच गळतो, साल असली की फोड उभी राहते. फोडी दोन पेरांएवढ्या करा, लहान केल्या तर लापशी होते. कढईत सालीची बाजू खाली ठेवायची आणि पाणी घालायचं नाही. भोपळ्याच्या शंभरातले नव्वद भाग पाणीच असतं, मीठ पडलं की तो स्वतःच सोडतो. झाकणीवर पाणी ठेवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. भरताला, घाऱ्यांना साल काढा.

काढलेली साल फेकलीत तर माझ्याशी गाठ आहे. बारीक चिरून थोड्या तेलात अगदी खरपूस होईपर्यंत परतायची. तीळ, सुकं खोबरं वेगळं भाजायचं, हिरवी मिरची, मीठ, चिमूटभर साखर. हाताने चुरायची, मिक्सरला लावली तर मजा जाते. भाकरीबरोबर ही चटणी असली की भाजीकडे कुणी बघत नाही.

---

कट्ट्यावरचा | गुरुवार, संध्याकाळी ६:२०

उपवासाला भोपळा चालतो का पण? आमच्याकडे आजी नाही म्हणते.

---

मळेकरी | गुरुवार, संध्याकाळी ६:५०

घरोघरी वेगळं. आमच्याकडे चालतो, बहिणीच्या सासरी नाही. तुमच्या आजी म्हणतील ते. ऋषिपंचमीच्या भाजीला मात्र सगळीकडे लागतो, कारण परड्यात आपोआप आलेला असतो, बैलाच्या कष्टाचा नसतो.

---

नाशिकची_सून | शुक्रवार, सकाळी ११:००

काल रात्री भरीत केलं. साल काढलेल्या फोडी चाळणीत ठेवून वाफवल्या. पहिली खेप मी कुकरमध्ये पाणी घालून केली होती, त्याची पेज झाली. चाळणीवर मात्र बारा मिनिटांत मऊ आणि कोरड्या झाल्या. गार करून कुस्करल्या, दही, दाण्याचं कूट, मीठ, वरून तुपात जिरं आणि हिरव्या मिरचीची फोडणी. साबांनी दोनदा मागून घेतलं.

पेज झालेल्या भोपळ्याचं काय करू? आणि अजून साडेचार किलो समोर आहे.

---

सातासमुद्रापार | शुक्रवार, सकाळी ११:३०

पेज चाळणीत ओतून अर्धा तास निथळू दे. खाली जे पाणी येईल ते टाकू नकोस, त्यात पोळ्यांची कणीक भिजव. वरचा गर घाऱ्यांना जातो. आमच्या घरचं प्रमाण: दोन वाट्या गर किंवा कीस, एक वाटी चिरलेला गूळ, दोन्ही एकत्र गूळ विरघळेपर्यंत शिजवायचं आणि पूर्ण गार करायचं. मग मीठ, वेलची किंवा जायफळ, दोन चमचे तांदळाची पिठी, चमचाभर गरम तेल आणि मावेल तेवढी कणीक. वेगळं पाणी एक थेंबही नाही. गरम मिश्रणात कणीक घातलीस तर ती पीत जाते, पीत जाते, आणि घाऱ्या दगड होतात. प्लॅस्टिकवर जाडसर थापून मध्यम आचेवर तळायच्या. तीन-चार दिवस टिकतात. आणि गूळ कोल्हापूरचा घरात आहेच, मला इथे तो मिळत नाही म्हणून जरा जळते.

---

तांबडा_की_पांढरा | शुक्रवार, दुपारी १२:१०

दसरा झाला की कांदा-लसूण चटणी, भाजलेलं खोबरं आणि तिळाचं वाटण घालून याच भोपळ्याचा रस्सा करा. सालीसकट मोठ्या फोडी. मेथीदाण्याची फोडणी विसरू नका. डोळे मिटून खाल्लं तर... नाही, मटण नाही लागत. पण वाईट नाही.

---

मळेकरी | शुक्रवार, दुपारी १:००

उरलेल्याचं: बिया आणि दोरे लगेच खरवडून काढा, नारळाच्या खवणीने किंवा चमच्याने. कूज तिथूनच सुरू होते. मोठ्या फोडी कोरड्या पुसून, गुंडाळून फ्रीजमध्ये चार-पाच दिवस. त्यापेक्षा जास्त ठेवायच्या तर वाफवून, कुस्करून एका वेळेपुरते डबे करून फ्रीझरमध्ये. कच्चा कीस गोठवू नका, सुटल्यावर पाणी पाणी होतो. आणि सर्वांत उत्तम, गल्लीत वाटा.

---

नाशिकची_सून | शनिवार, रात्री १०:२०

दोन किलो गल्लीत वाटला. एक डबा फ्रीझरमध्ये. घाऱ्या झाल्या, नवरा आल्या आल्या उभ्यानेच चार खाऊन गेला आणि मग विचारलं, "भोपळा कुणी फोडला?" साबा आतून ओरडल्या, "मी फोडला!" मी गप्प.

सालीची चटणी केली. विळी ताई, तुम्ही म्हणालात ते खरं, भाजी उरली.

बिया पाण्यात चोळून धुतल्या, स्टीलच्या ताटात पसरल्या. आधी कागदावर टाकल्या होत्या, त्या सगळ्या कागदासकट चिकटल्या. दोन दिवस ऊन दिलं की मीठ लावून भाजणार. पण त्यातल्या सगळ्यात टपोऱ्या पंधरा साबांनी आधीच उचलल्या, सावलीत वाळत घातल्यात आणि राख मागितलीय. आमच्याकडे गॅस आहे, राख कुठून आणू?

---

मंगळवार_पेठ | शनिवार, रात्री १०:४५

आमच्याकडं पाण्याचा बंब हाय अजून. उद्या सकाळी डबा घेऊन ये, राख देतो. राखेत घालून कागदाच्या पुडीत ठेव, कीड लागत न्हाई. जूनला पहिला पाऊस झाला की आळं करून, शेणखत घालून एका आळ्यात तीन बिया. वेल पत्र्यावर चढव. फुलं आली की सगळी भज्यांना काढू नको. ज्याच्या बुडाशी बारका भोपळा दिसतो ते मादीचं फूल, ते ठेवायचं. लांब दांड्याची नुसती फुलं काढ, ती बी सगळी न्हाई, दोन-चार ठेव.

---

नाशिकची_सून | शनिवार, रात्री १०:५२

येते. नाही, येतो! घाऱ्यांचा डबा घेऊन येतो. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा काकू.